आधी पंचावन्नची पेटी, मग पंचावन्न हजारांचा क्लास

पत्र: मी रत्नागिरीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव राजापूर तालुक्यात. या सेमिस्टरला क्रिप्टोग्राफी आणि नेटवर्क सिक्युरिटी हा विषय आहे. त्यात आरएसए ही संदेश सांकेतिक करायची पद्धत सुरू झाली आणि माझं गणित तिथेच अडलं. सीनियर म्हणतात, पुण्याला एथिकल हॅकिंगचा चार महिन्यांचा क्लास लाव. फी ५५ हजार. बाबा म्हणाले, वाशीहून आंब्याची पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) आली की भरू. त्यांना हो म्हणायला जीभ रेटत नाही. घरी रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यात मिळते, लॅपटॉप ८ जीबीचा आहे. करिअर यातच करायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

बाबांना सांग, फी सध्या भरू नका. क्लास वाईटच असतो असं नाही, पण तू जिथे अडली आहेस तिथे त्याचा उपयोग नाही. अशा क्लासमध्ये बहुतेक वेळ साधनं चालवायला शिकवण्यात जातो. तुझं अडलंय ते भागाकारात उरणाऱ्या बाकीच्या हिशेबात. तो हिशेब सुटला नाही तर चार महिन्यांनी तुला बटणं दाबता येतील, पण समोर काय झालं आणि का झालं हे सांगता येणार नाही. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

म्हणून आधी गणित. वही-पेन घे, मोबाइल बाजूला ठेव. ‘मॉड’ या शब्दाला मुलं उगाच घाबरतात. पेटी भरताना उरलेले आंबे, एवढाच त्याचा अर्थ. खरी पेटी चार-पाच डझनांची असते, आपण ५५ आंब्यांची धरू. ५१२ आंबे आले, ९ पेट्यांत ४९५ गेले, १७ उरले. म्हणजे ५१२ मॉड ५५ बरोबर १७. आता कुणी तुला फक्त ‘पेटी ५५ ची, उरले १७’ एवढंच सांगितलं, तर मूळ ढीग केवढा होता हे सांगता येईल का? १७ असेल, ७२ असेल, ५१२ असेल. हे जे सांगता येत नाही, त्याच्याच आधारावर आरएसए उभं आहे.

आता पूर्ण उदाहरण सोडव. दोन मूळ संख्या घे, ५ आणि ११. त्यांचा गुणाकार ५५, ही आपली पेटी. दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार केला की ४ गुणिले १०, म्हणजे ४०. याला फाय म्हणतात. जाहीर किल्ली म्हणून ३ घे. ३ आणि ४० यांना १ सोडून समान विभाजक नाही, म्हणून चालेल. ५ घेतलास तर चालणार नाही, कारण ५ ने ४० ला भाग जातो. खासगी किल्ली अशी हवी की तिला ३ ने गुणून ४० ने भागलं की बाकी १ उरेल. ती २७, कारण ८१ म्हणजे दोनदा ४० अधिक १.

संदेश ८ घेऊ. जाहीर किल्ली ३, म्हणून ८ चा घन: ५१२, बाकी १७. हा झाला सांकेतिक आकडा. उलगडताना खासगी किल्लीने, म्हणजे १७ चा २७ वा घात काढायचा. तो आकडा कॅल्क्युलेटरवर मावत नाही आणि इथेच मुलं हात टेकतात. पण एवढा मोठा आकडा काढायचाच नसतो, दर पायरीला पेटी भरत जायची. १७ चा वर्ग २८९, बाकी १४. चौथ्या घातासाठी १४ चा वर्ग १९६, बाकी ३१. आठव्यासाठी ३१ चा वर्ग ९६१, बाकी २६. सोळाव्यासाठी २६ चा वर्ग ६७६, बाकी १६. आणि २७ म्हणजे १६ अधिक ८ अधिक २ अधिक १. म्हणून १६ गुणिले २६, बाकी ३१. त्याला १४ ने गुण, बाकी ४९. त्याला १७ ने गुण, ८३३, बाकी ८. मूळ संदेश परत आला. हे स्वतःच्या हाताने तीनदा कर. मग पायथनमधल्या पॉव या फंक्शनला १७, २७ आणि ५५ हे तीन आकडे दे, तेही ८ च देईल. क्रम असाच ठेव, आधी हात आणि मग संगणक.

खासगी किल्ली अंदाजाने शोधायची नसते, ती युक्लिडच्या विस्तारित रीतीने काढायची असते. परीक्षेत सर्वांत जास्त मार्क इथे जातात. ४० ला ३ ने भागलं, भागाकार १३, बाकी १. म्हणजे १ बरोबर ४० वजा ३ गुणिले १३. त्यामुळे ३ चा जोडीदार उणे १३ येतो. मुलं उणे १३ लिहून पुढे जातात आणि मग काहीच जुळत नाही. उणे आलं की फाय मिळवायचा: ४० वजा १३, म्हणजे २७. दुसरी नेहमीची चूक म्हणजे इथे ४० ऐवजी ५५ वापरणं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: संदेशाचा हिशेब पेटीने, किल्लीचा हिशेब फायने.

ही रीत परकी वाटू देऊ नकोस. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये, आर्यभटीयात, अशाच प्रकारच्या समीकरणांची रीत दिली आहे. तिला पुढे कुट्टक म्हणू लागले, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टकाचं स्वतंत्र प्रकरण आहे. मोठं गणित कुटून कुटून बारीक करायचं, म्हणून कुट्टक. तुझ्या वहीतली ४० आणि ३ ची पायरी त्याच जातीची आहे.

पंचावन्न कुणीही ५ आणि ११ मध्ये फोडेल, हे खरं. प्रत्यक्षात वापरतात ती २०४८ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) संख्या ६१७ अंकी असते. एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं संगणकाला सोपं आहे. संख्या कितीही मोठी झाली तरी ते आवाक्यातल्या वेळेत होतं, याची पक्की सिद्धता २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. अवघड आहे ते दोन मूळ संख्यांचा गुणाकार पुन्हा फोडणं. आरएसएच्या नावाने आव्हान म्हणून दिलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही भरपूर संगणक कामाला लावून. ६१७ अंक त्याच्या फार पुढे आहेत.

आता एक प्रयोग कर, यातून विषयाचं खरं मर्म कळेल. त्याच ५५ च्या पेटीत संदेश ८ ऐवजी ३ घे. ३ चा घन २७. पेटी भरलीच नाही, सगळे आंबे समोर उघडेच पडलेले! बघणाऱ्याला किल्लीची गरजच नाही, २७ चं घनमूळ काढलं की ३. गणित कुठेही चुकलेलं नाही, तरी गुपित फुटलं. म्हणून प्रत्यक्षात संदेश जसाच्या तसा कधीच देत नाहीत. आधी त्यात ठरलेल्या पद्धतीने यादृच्छिक भर घालतात, तिला पॅडिंग म्हणतात. पुस्तकातलं आरएसए आणि वापरातलं आरएसए यांतला फरक हा एवढा मोठा आहे, आणि तो परीक्षेत नाही तरी मुलाखतीत नक्की कामी येतो.

या विषयात बहुतेक वेळा असंच होतं: कुलूप मजबूत असतं आणि बिघाड लावण्यात असतो. एईएस घे. झाकायला आणि उघडायला एकच किल्ली वापरणारी, २००१ पासून प्रमाण असलेली पद्धत, १२८ बिटांचा ठोकळा, किल्ली १२८, १९२ किंवा २५६ बिटांची, फेऱ्या अनुक्रमे १०, १२, १४. पाठ कर, विचारतात. पण एईएस वापरूनही माणसं फसतात ती अशी. काउंटर पद्धतीत संदेशाला एका बिटांच्या प्रवाहाशी एक्सऑर करतात (दोन बिट वेगळे असले तर १, सारखे असले तर ०), आणि तोच प्रवाह दोनदा वापरला की घात होतो. संदेश १०११, प्रवाह ०११०, निकाल ११०१. दुसरा संदेश १००१, प्रवाह तोच, निकाल ११११. आता दोन निकालांचं एक्सऑर घे: ००१०. दोन मूळ संदेशांचं एक्सऑरही ००१० च येतं. प्रवाह आपोआप कटला आणि किल्लीशिवायच दोन संदेशांतला फरक हाती आला. एक संदेश ओळखीचा असेल तर दुसरा उघडाच. म्हणून किल्लीबरोबर ज्या आकड्यावरून हा प्रवाह ठरतो, तो नॉन्स नावाचा आकडा दर संदेशाला नवा हवा. कोड लिहिताना किल्ली किंवा टोकन तयार करायला पायथनचं रँडम मॉड्यूल वापरू नकोस, सीक्रेट्स वापर; रँडमचे पुरेसे आकडे पाहिले की पुढचे सांगता येतात.

आणि स्वतःची गुप्त पद्धत शोधून काढायच्या भरीस पडू नकोस. लहानपणीची च ची भाषा आठव. ‘मला माहीत नाही’ म्हणजे ‘चलाम चाहीतम चाहीन’. एका भावंडाला युक्ती कळली की सगळ्या आळीला कळली, कारण तिच्यात किल्लीच नाही, नुसती युक्ती आहे. पद्धत शत्रूला पूर्ण माहीत आहे असं धरून चाला आणि गुपित फक्त किल्लीत ठेवा, हे ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलं. ते आजही पहिल्या तासाला शिकवतात.

गणिताला रोज पाऊण तास दिलास तर चार आठवड्यांत भीती जाईल. पाचव्या आठवड्यापासून घरची लॅब. ८ जीबीचा लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स टाक, हे लॅपटॉपच्या आत आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन यंत्रं: सुरक्षा तपासायची साधनं असलेल्या काली लिनक्सला २ जीबी रॅम आणि मेटास्प्लॉइटेबल २ ला अर्धा जीबी. हे दुसरं यंत्र मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं आहे, सरावासाठीच. काली काही जीबीचं आहे, ते खळ्याच्या कोपऱ्यात उभं राहून उतरवायच्या फंदात पडू नकोस. कॉलेजच्या लॅबमध्ये उतरव आणि पेनड्राइव्हवर घे. एसटी पकडण्याआधी मात्र एक काम कर. कालीच्या साइटवर प्रत्येक फाइलपुढे शा-२५६ या पद्धतीने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा, म्हणजे हॅश, दिलेला असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा हॅशफाइल या पर्यायासह तुझ्या फाइलवर चालव आणि फाइलच्या नावानंतर SHA256 लिही, नाहीतर ठसा वेगळ्याच पद्धतीचा येऊ शकतो. तसाच ठसा आला तर फाइल धड आहे. एक बिट जरी बिघडला असेल तर ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. घरी पोहोचल्यावर फाइल अर्धवट आहे हे कळण्यापेक्षा हे बरं. यातून कळतं एवढंच की वाटेत बिघाड झाला नाही. साइटच कुणी बदलली असेल तर ठसाही बदललेला असेल. ती शंका फेडायला डिजिटल सही तपासावी लागते. हॅश आणि सही यांतला फरक यापेक्षा सोप्या रीतीने समजणार नाही.

यंत्रं सुरू करताना ज्या अडचणी हमखास येतात, त्या आधीच सांगते. ‘व्हर्च्युअलायझेशन बंद आहे’ असा निरोप आला तर बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू कर. यंत्र कूर्मगतीने चाललं आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत कासवाचं चित्र दिसलं, तर आभासी यंत्रं चालवायची विंडोजची स्वतःची सोय, हायपर-व्ही, आड येतेय, ती बंद कर. दोन यंत्रं एकमेकांना दिसत नसतील तर नेटवर्कची सेटिंग बघ. मूळची सेटिंग नॅट असते, त्यात दोघांनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो, मग भेट होणार कशी? दोन्ही होस्ट-ओन्लीवर, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्याच नेटवर्कवर, ठेव. ब्रिज्ड तर मुळीच नको, नाहीतर ते भोकांचं यंत्र हॉस्टेलच्या सगळ्या नेटवर्कवर उघडं पडेल. आणि पावसाळ्यात वीज गेली, बॅटरी संपली, यंत्र चालू असतानाच लॅपटॉप मिटला, की त्याची डिस्क बिघडू शकते. सगळं नीट चाललं त्या दिवशी स्नॅपशॉट घेऊन ठेव, म्हणजे त्या स्थितीला परत जाता येतं.

पहिला प्रयोग हल्ल्याचा करू नकोस, नुसतं बघण्याचा कर. कालीत वायरशार्क हे नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं साधन चालू कर आणि टेलनेट या जुन्या, काहीच न झाकणाऱ्या रीतीने मेटास्प्लॉइटेबलवर लॉगिन कर. नाव आणि पासवर्ड दोन्ही एमएसएफअ‍ॅडमिन. मग वायरशार्कमध्ये त्या संवादाचा टीसीपी स्ट्रीम, म्हणजे सलग मजकूर, उघड. नावातलं प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल, पासवर्डातलं एकदाच. का? तू दाबलेलं अक्षर सर्व्हर परत पाठवतो, तेव्हा ते पडद्यावर उमटतं. पासवर्डाचं परत पाठवत नाही, म्हणून पडद्यावर दिसत नाही. पण तारेवरून दोन्ही उघडेच गेले! आता तेच लॉगिन एसएसएच या झाकून बोलणाऱ्या रीतीने कर. बहुधा आधी अडेल, ‘होस्ट कीचा प्रकार जुळत नाही’ असं म्हणेल. हा बिघाड नव्हे. ते यंत्र जुनं आहे, त्याची सही शा-१ वर चालते. शा-१ मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा २०१७ मध्ये प्रत्यक्ष काढून दाखवला गेला, आणि २०२१ पासून ओपनएसएसएचने ती सही मुळातच बंद ठेवली. सरावापुरती ती चालू करायचा पर्याय आज्ञेत देता येतो. जोडणी झाली की पुन्हा स्ट्रीम बघ, सुरुवातीची बोलणी वाचता येतील, पुढे सगळा चिखल. पुस्तकातली दोन प्रकरणं या एका तासात डोळ्यांसमोर येतात.

नेट अगदीच मंद असेल त्या दिवसांसाठी ओव्हरदवायरचा बँडिट हा खेळ आहे. सगळा एसएसएचवर, नुसती अक्षरं जातात-येतात, तुझ्या कोपऱ्यातली रेंजसुद्धा पुरेल. तो २२२० या पोर्टवर चालतो. कॉलेजच्या नेटवर ते पोर्ट बंद असलं तर मोबाइलच्या डेटावरून जा.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण यात हुशार मुलंच अडकतात. आपल्या दोन यंत्रांबाहेर, लेखी परवानगीशिवाय, एकही स्कॅन करायचा नाही. कॉलेजचा सर्व्हर नाही, शेजाऱ्यांचं वायफाय नाही, मैत्रिणीने गमतीत ‘बघ बरं’ म्हटलं तरी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे विनापरवाना शिरकाव केला तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक हेतूने केल्याचं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी शिकत होते’ हे उत्तर पोलिस ठाण्यात पुरत नाही.

सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट असेल तर विषय गावातच आहे. आपल्या किनाऱ्यावर घरोघरी होमस्टे झाले आहेत. कितीतरी ठिकाणी पाटीवर लिहिलेला मोबाइल नंबर हाच वायफायचा पासवर्ड असतो. पाटी वाचली नसली तरी हिशेब कर: दहा अंक, पहिला ६ ते ९ पैकी, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत पासवर्डापासून किल्ली काढताना नेटवर्कचं नाव मिसळून ४,०९६ वेळा घोटतात, ते ताडून बघणाऱ्याला उशीर व्हावा म्हणून. तरीही चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासतं. ४०० कोटी काही तासांत संपतात, आणि जोडणीच्या वेळचे चार निरोप एकदा पकडले की पुढचं सगळं घरी बसून करता येतं, होमस्टेवाल्याला पत्ताही लागत नाही. ओळखीच्या एका मालकाकडून लेखी परवानगी घे. आधीचा पासवर्ड किती वेळ टिकेल याचा हिशेब मांड. मग पाच असंबद्ध मराठी शब्दांचा नवा पासवर्ड, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, राउटरच्या अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदललेला आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, एवढं करून आधी-नंतर लिहून दे. शब्द मात्र चिठ्ठ्या टाकून निवड. ‘समुद्र नारळ आंबा’ हे कुणालाही सुचतं.

डिजिटल सही आणि प्रमाणपत्रांची साखळी शिकायला तुझ्याच ई-आधारची पीडीएफ घे. उघडायचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. आठ अक्षरी आहे, पण नाव माहीत असलेल्याला शंभराच्या आत प्रयत्न पुरतात. लांबी आणि ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथेच दिसतं. आत सहीच्या जागी बहुधा पिवळं प्रश्नचिन्ह असतं. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राला कुणी दुजोरा दिला, त्याला कुणी, असं वर जात तुझ्या पीडीएफ रीडरला ओळखीचं मूळ सापडलं नाही, एवढंच. सहीवर उजवं क्लिक करून प्रमाणपत्र उघड आणि साखळी वरपर्यंत वाच. ‘विश्वास ठेवा’ हे बटण दाबलं की हिरवी खूण येते, पण मूळ प्रमाणपत्राचा ठसा अधिकृत ठिकाणाहून ताडून न बघता दाबलंस तर ती खूण तूच स्वतःला दिलेली. आणि त्याच आधारची झेरॉक्स काढली की सही गेली, कागदावर नुसतं चित्र उरतं.

करिअरचं थोडक्यात. पदवीनंतर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा नेटवर्क आणि सुरक्षेचा अभ्यासक्रम आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा लागते. नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळायची आवड असेल तर हा रस्ता. गणितातच रमलीस तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत क्रिप्टॉलॉजी आणि सिक्युरिटीचं एम.टेक. आहे. एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांची या विषयाची व्याख्यानं फुकट आहेत. वायफायवर उतरवून घे आणि घरी दीडपट वेगाने बघ. नवीन काय चाललंय असं कुणी विचारलं तर क्वांटम संगणकापुढे टिकणाऱ्या पद्धतींचं नाव घे. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पहिली तीन प्रमाणं जाहीर केली. आत्ता त्यात शिरू नकोस, आधी ५५ ची पेटी.

एवढं सगळं केल्यावर, सेमिस्टर संपताना, तरीही क्लास हवासा वाटला तर फोन करून तीन गोष्टी विचार. दर आठवड्याला स्वतःच्या हाताने किती तास काम करायला मिळेल? टीएलएसची, म्हणजे वेबसाइटशी झाकून बोलायच्या पद्धतीची, जोडणी फळ्यावर पायरी-पायरीने शिकवतात का? अर्ध्यातून सोडलं तर फीचं काय, आणि ते लेखी देणार का? तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर फोन ठेव. ‘आजच्या आज ॲडव्हान्स भरा, सीट जाईल’ म्हणाले तरी ठेव. पट्टी आली की बाबांना म्हणावं त्यातले थोडे पैसे बाजूला काढा, लॅपटॉपला आणखी ८ जीबीची रॅम टाकून घेऊ. त्याआधी लॅपटॉप उघडून रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का आणि आतली डीडीआर-४ आहे की डीडीआर-५, हे दुकानात बघून घे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डकवलेली असते, तिथे ती वाढवता येत नाही.